नाईट ड्युटीच्या सिस्टर, तुमच्यासाठी

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल, बेड असेल. खिडकीजवळचा. जुलैचा पाऊस कोसळत होता, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि सकाळपाळीच्या सिस्टर पोचतात की नाही याचे फोन चालले होते. आज सव्वा महिना झाला. बाळ झोपलंय, म्हणून लिहायला बसले.

तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं सिझर झालं, ते दुसऱ्या दवाखान्यात. पोटाला पट्टे बांधले, मशीन लावलं आणि सगळे निघून गेले. बाळाच्या ठोक्यांचा तो टपटप आवाज ऐकत मी एकटीच पडून होते. आवाज जरा मंदावला की जीव अर्धा व्हायचा. विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही, पडून राहा." मग माझ्या डोक्यावरून कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, "ठोके कमी झालेत, आत घ्या." मुलगा सुखरूप आहे. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाही कुणी सांगितला नाही आणि घरी सोडतानाही नाही. आपलंच काहीतरी कमी पडलं, हे मी तीन वर्षं मनात धरून होते.

म्हणून यावेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा, हा माझा हट्ट होता. सासूबाई म्हणत होत्या, एकदा सिझर की कायम सिझर. डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. पहिला छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा आहे, मध्ये अंतरही पुरेसं आहे. अशा शंभरजणींतल्या साधारण 72 ते 75 जणींची बाळंतपणं नॉर्मल होतात. कळा आपसूक सुरू झाल्या तर दोनशेत एखादीचा जुना टाका सुटण्याचा धोका असतो. कळा वाढवायच्या औषधाने तो वाढतो, म्हणून ते शक्यतो द्यायचं नाही. आणि कळा नियमित सुरू झाल्या की मशीन सतत लावून ठेवायचं, कारण टाका सुटू लागला तर बहुतेक वेळा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांतच दिसते.

मशीन हा शब्द ऐकूनच मी हबकले होते. तुम्ही पट्टे बांधलेत आणि गेला नाहीत. स्टूल ओढून बसलात. "हे बघा ताई, वरची रेघ बाळाची, खालची तुमच्या कळांची. कळ आली की खालची डोंगरासारखी चढणार. बाळाचे ठोके 110 ते 160 मध्ये असूदेत. आणि रेघ अशी नागमोडी, थरथरती पाहिजे. लै वेळ सपाट झाली की मग मी बघते." त्यानंतर तो कागद मला वाचता यायला लागला. बाळ हललं की रेघ वर उसळायची आणि मला हसू यायचं. चालायचं होतं, वायरीमुळे जमत नव्हतं, तर तुम्ही खुर्ची आणून दिलीत आणि बसल्या जागी मी कळा घेतल्या.

अडीचच्या सुमारास आकडा एकदम 92 वर आला. मी ओरडलेच. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एक हात मशीनवर, दुसऱ्या हाताची बोटं माझ्या मनगटावर. घड्याळाकडे बघत मोजलंत आणि म्हणालात, "ही तुमची नाडी हाय ताई, बाळाची न्हाई. बाळ सरकलंय." थोडी जेली लावून चकती दोन बोटं डावीकडे सरकवलीत, आणि 144. मशीन आईचेच ठोके बाळाचे म्हणून दाखवू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. जिथे आईच्या मनगटावर बोटं ठेवायला कुणी नसेल, तिथे एखादी उगाचच घाबरत असेल, आणि कुठे खरा धोकाही नजरेतून सुटत असेल. मला ते राहून राहून आठवतं.

पहाटे मात्र खरंच बिघडलं. कळ ओसरायला लागली की ठोके खाली जायचे आणि वर यायला वेळ लागायचा. एकदा, दोनदा, मग प्रत्येक कळेला. नागमोडी रेघ सपाट होत चालली होती. तुम्ही मला डाव्या कुशीवर वळवलंत, डॉक्टरांना फोन लावलात आणि टाक्यापाशी हात ठेवून विचारलंत, "कळ गेल्यावरबी इथं दुखतंय का?" दुखत होतं. लघवीत रक्त आहे का तेही पाहिलंत. डॉक्टर आल्या, कागद हातात घेऊन माझ्याशी बोलल्या. ऑपरेशन थिएटर तयारच होतं, भूलतज्ज्ञ दवाखान्यातच होते. स्ट्रेचरवर घेताना तुम्ही वाकून म्हणालात, "ठोके कमी झालेत ताई, तुम्हीबी बघितलंय न्हवं? आता थांबायचं न्हाई."

तेच वाक्य. पण यावेळी ते मला सांगितलेलं होतं, आणि हो म्हणणारी मी होते.

पोट उघडल्यावर जुना टाका कागदासारखा पातळ झालेला दिसला, असं डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला आत घेतल्यावर काही मिनिटांत मुलगी रडली. 2 किलो 900 ग्रॅम.

भेटायला येणारी प्रत्येक बाई हळहळते, "अगं, एवढ्या कळा सोसल्यास आणि शेवटी सिझरच?" मला तसं वाटत नाही. त्या रात्रीचं मला सगळं कळलेलं आहे. तीन वर्षांपूर्वीचंही आता थोडं कळलं. माझं काही कमी पडलं नव्हतं.

सकाळी तुम्हाला नीट आभार म्हणायचे होते. मी शुद्धीवर होते, पण बोलवत नव्हतं. तुम्ही रेनकोट घालून दारातून हात केलात आणि गेलात. पाण्यामुळे तुमची गाडी लांबून फिरून जाणार होती, हे नंतर कळलं.

नाईट संपल्या की फुलेवाडीला या. तुम्ही आल्याशिवाय बारसं करायचं नाही, असं घरात ठरलंय. तिचे पहिले ठोके आमच्याआधी तुम्ही मोजलेत, तेव्हा तिच्या कानात कुर्र तुम्हीच करायचं.

तुमची,
खिडकीजवळच्या बेडवरची ताई