कारचं दार डाव्या हाताने उघडा

संपादक साहेब, नमस्कार. रोज सकाळी गंगापूर रोडने सातपूरला सायकलवर कामाला जातो. बसपेक्षा मला भीती वाटते ती कडेला उभ्या कारच्या दाराची! मागच्या आठवड्यात एकाने आरशात न बघता धाडकन दार उघडलं, मी थेट रस्त्यावर, कोपर सोललं, मागून येणारा रिक्षावाला वेळेत थांबला म्हणून आज हे पत्र लिहितोय. उपाय अगदी साधा आहे, ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं, अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. नेदरलँडमध्ये लोक असंच लांबच्या हाताने दार उघडतात म्हणे.

आमच्यातलेही काही शहाणे आहेतच, राँग साईडने येतात, रात्री मागे लाल लाईट नाही, कानात इयरफोन. त्यांना कोण सांगणार?

२०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका सायकलने पार केली तेव्हा केवढं कौतुक केलं आपण, आणि इथे कॉलेज रोडवर सायकलवाला दिसला की मागून हॉर्नवर हॉर्न. अहो, ओव्हरटेक करताना हातभर जास्त जागा सोडा ना, सिग्नलला परत भेटणारच आहोत.

– एक सायकलवाला, नाशिक