बकरी कुठून आली?

अमळनेर,
९ जून

प्रिय सुन्या,

तुझ्या कथेवर मी केलेला सिनेमा बघून लिहिलेलं पत्र मिळालं. ‘माझ्या कथेचं भरीत केलंस’ हे वाक्य तीनदा वाचलं. भरीत जमलंय की नाही, ते मात्र लिहिलं नाहीस.

पावसाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुझ्या कथेत रात्रभर पाऊस, आमचं शूटिंग मे महिन्यात. टँकर आणून खोटा पाऊस पाडला असता तर गावानं धुतलं असतं मला. म्हणून उकाड्याची रात्र केली.

बकरीचं मात्र नीट ऐक. तुझी जिजी अडीच पानं मनातल्या मनात बोलते. वाचताना मजा येते, पण कॅमेऱ्याला मन कुठलं दिसायला? मागून आवाज लावून पाहिला, तर रेडिओवरची श्रुतिका वाटायला लागली. ‘नटसम्राट’ आठव. १९७० च्या नाटकात गणपतराव थेट आपल्याशीच बोलतात, आपण समोर बसलेलो असतो ना. २०१६ च्या सिनेमात स्वगतं आहेतच, पण मांजरेकरांनी गणपतरावांना रामभाऊ नावाचा मित्रही दिला. शिरवाडकरांच्या नाटकात तो नाही. मग मनातलं कितीतरी त्या दोघांच्या गप्पांतून बाहेर येतं.

रामभाऊ झालेले विक्रम गोखले मला कुठून मिळणार? शेजारची बकरी मिळाली.

जिजी झालेली म्हातारी धाब्याच्या घराच्या ओट्यावर बसली, बकरीला म्हणाली, ‘तुलेच सांगस वं, दुसरं कोन शे माले?’ तेवढ्यात बकरीनं पदर चघळायला घेतला. म्हातारीनं न बघताच तो ओढून घेतला आणि बोलत राहिली. हे तू लिहिलेलं नाहीस, मीही सांगितलेलं नव्हतं. पण तुझ्या अडीच पानांतला एकटेपणा तिथे आहे की नाही, खरं सांग.

आणि आपल्या गावच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींचं काय? ‘श्यामची आई’ पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. १९५३ साली अत्र्यांना सिनेमा करताना निवड करावीच लागली, वर ‘भरजरी गं पितांबर’ त्यांनी स्वतः लिहून घातलं. ते गाणं पुस्तकातलंच, असं मी दहावीपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. तूही मान डोलवायचास!

पोस्टमनचा प्रसंग उडवला, तिथे मात्र तुझा राग रास्त आहे. त्याला कलेचं काही कारण नाही. पोस्टमन झालेला माझा मेहुणा दर वेळी कॅमेऱ्याकडे बघून हसायचा आणि मला कंटाळा आला. सातवा टेक त्यातल्या त्यात बरा आहे. रविवारी ये, दोघं बसून तो कुठे घालायचा ते बघू.

तुझा,
बापू