आधी चिठ्ठी, मग निवड

ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या द्राक्ष हंगामात पिंपळगावच्या एका पॅकहाउससाठी मी वजनतपासणीचा प्रोग्रॅम लिहीत होतो. वजनांच्या यादीतून दर दहावी पेटी काढायची, एवढंच काम. सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिंक (LINQ) नावाची सोय आहे, यादीतून हवं ते मागायची. तिची क्वेरी, म्हणजे ती मागणी, लिहायला घेतली आणि निवडीची अट सांगणाऱ्या व्हेअरपाशी अडलो. त्याला पेटी कळते, ती कितवी हे कळत नाही.

यादीतली जागा सांगणारं इंडेक्सऑफ वापरून पाहिलं. पण दोन पेट्यांचं वजन सारखं निघालं की दुसरीलाही पहिलीचीच जागा मिळायची. मग क्वेरीबाहेर एक काउंटर ठेवला. चाळीस पेट्यांवर सगळं बरोबर आलं. खऱ्या यादीत सत्तेचाळीस होत्या. निवडलेल्या पेट्यांची मोजणी म्हणाली चार, छापल्या गेल्या पाच, आणि त्याही तिसरी, तेरावी, तेविसावी अशा. दोन दिवस मी वजनकाट्यावरच संशय घेत होतो.

त्या संध्याकाळी सातपूरहून घरी निघालेल्या तुम्ही नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ चहाला थांबलात आणि माझा लॅपटॉप मांडीवर घेतलात. क्वेरी लिहिली तेव्हा चालत नाही, यादी मागू तेव्हा चालते, आणि दर वेळी नव्याने चालते, हे तुम्ही दाखवलंत. मोजणीसाठी ती एकदा चालली, छपाईसाठी पुन्हा. काउंटर मात्र सत्तेचाळीसवरच उभा होता. चाळीसला दहाने भाग जातो, म्हणून चाचणीत चूक लपली.

"पेटीला आधी चिठ्ठी लाव, मग निवड," असं तुम्ही म्हणालात. सिलेक्ट मेथडला पेटी आणि क्रमांक असे दोन पॅरामीटर घेणारं लॅम्डा, म्हणजे छोटं बिननावाचं फंक्शन, द्यायचं, दोन्हींची जोडी बनवायची आणि क्वेरीची सुरुवात करणारा फ्रॉम त्या जोड्यांवर लावायचा. व्हेअर मेथडही क्रमांक घेते, पण क्वेरीच्या रचनेत ते लिहिता येत नाही. माझं बागायतदारांप्रमाणे गट पाडणं क्वेरीतच होतं, म्हणून तुम्ही ती मोडायला लावली नाहीत. याचं मला फार अप्रूप वाटलं. क्रमांक शून्यापासून, म्हणून दहाने भागून बाकी नऊ उरेल ती दहावी पेटी. आणि वजनाने क्रम लावायचा तर चिठ्ठीनंतर, नाहीतर पट्ट्यावरून आलेल्या क्रमातली दहावी हरवते.

कोड तुम्ही पाच मिनिटांत लिहून दिला असता. पण कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिलात. घरी तुमची वाट पाहत होते, फोन दोनदा वाजला होता. त्या वेळेबद्दल मनापासून आभार, ताई.

परवा आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी याच काउंटरपाशी अडली होती. मी तिला सत्तेचाळीस पेट्यांची यादी दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसलो.

आपला,
पेटीवाला