सरासरी ठीक, पण चार कोअर शंभरीवर : ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : प्रोसेसरच्या कोअरमधील तापमानाची तफावत, सदोष कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारे उपकरण) आणि अन्यायाने नाकारलेली वॉरंटी.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी इंटेलचा कोअर आय-७ १२७००के प्रोसेसर असलेला संगणक असेंबल करून घेतला. प्रोसेसरचे आठही मोठे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे, जास्त ताकदीचे भाग) ५.१ गिगाहर्ट्झवर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे मूळ वेगापेक्षा वर चालवून, आणि तपासून देण्याचे वेगळे पैसे आपण घेतले आणि बिलावर तशी स्वतंत्र नोंदही केली. मी कोल्हापुरात बांधकाम प्रकल्पांचे थ्रीडी वॉकथ्रू (इमारतीतून फिरल्यासारखे दाखवणाऱ्या फिल्म) करते. रेंडरला, म्हणजे अंतिम चित्रे तयार करायला, लावलेला संगणक रात्रभर पूर्ण ताकदीने चालतो, म्हणूनच हे काम घरी न करता आपल्याकडे दिले होते.

दुखणे असे आहे. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी लावली की चार मोठे कोअर ७९ ते ८३ अंशांवर राहतात आणि उरलेले चार ९७ ते १०० वर जातात. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावरचे, एकाच वेगाने, एकच काम करणारे हे कोअर आहेत. कोअराकोअरांत पाच-सात अंशांचा फरक असतो, दहापर्यंतही जातो, हे मला ठाऊक आहे. कडेच्या कोअरला शेजार कमी, मधल्याला जास्त, आणि सेन्सरही थोडे मागेपुढे दाखवतात. पण इथे अर्धे कोअर एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे अशी सरळ फाळणी झाली आहे आणि या चाचणीत मधली दरी चौदा अंशांपेक्षा कमी कधीच होत नाही.

आपल्या सपोर्टचे पहिले उत्तर आले की सरासरी तापमान ९० च्या आत आहे, सबब संगणक नॉर्मल आहे. हे उत्तर मला मान्य नाही. प्रोसेसर सरासरी बघून वेग ठरवत नाही. या मॉडेलची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एकही कोअर तिथे टेकला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. माझ्या नोंदींत चाचणीच्या तिसऱ्या मिनिटापासून वेग ५.१ वरून ४.७ वर येतो आणि तिथेच घुटमळतो. ओव्हरक्लॉक न करता हाच प्रोसेसर आठही मोठे कोअर ४.७ ने चालवतो. म्हणजे जादा पैसे मोजून, जादा व्होल्टेज सोसून आणि जादा वीज जाळून माझ्या हाती मूळचाच वेग आला.

त्यावर आपण सुचवले की कॅबिनेटचे पंखे वाढवा आणि खोलीत एसी लावा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खोली गार केली तर आठही कोअर सारखेच खाली येतील, त्यांच्यातली दरी तशीच राहील. तसेच झाले. एप्रिलच्या दुपारी आणि पहाटे घेतलेल्या नोंदी शेजारी ठेवून पाहा, आकडे खालीवर झाले आहेत, फरक हललेला नाही.

फरक कशाने हलतो तेही मी तपासले. बायोसमधून (संगणकाच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमधून) ओव्हरक्लॉक काढून मूळ सेटिंग लावले तर तो सुमारे सतरा अंशांवरून तेरावर येतो आणि संगणक नुसता चालू ठेवला तर दोन-तीन अंशच उरतो. उष्णता जितकी जास्त तितका फरक जास्त, असा हा हिशोब आहे. सेन्सर सरसकट चुकीचा आकडा दाखवत असता तर कमी भारावरही तो तेवढाच चुकला असता. व्होल्टेज वाढवले की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून कूलरचा तळ प्रोसेसरला नीट टेकला नसेल तर साध्या वापरात ते झाकून जाते आणि ओव्हरक्लॉकमध्ये उघडे पडते. ओव्हरक्लॉक विकणाऱ्या कंपनीने हे ग्राहकाकडून ऐकावे लागू नये.

यानंतर आपल्या इंजिनिअरने ई-मेल करून सांगितले की स्थानिक तंत्रज्ञाकडून कूलर काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्या. तो ई-मेल माझ्याकडे आहे आणि सोबत जोडला आहे. तंत्रज्ञाने माझ्यासमोर कूलर उतरवला. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर एका बाजूला पेस्ट इतकी पातळ पसरली होती की खालचे निकेल दिसत होते. दुसऱ्या बाजूला मात्र ती जाडच्या जाड, ओलसर, जशी लावली तशीच होती. तिथे तळाचा दाब पोचलाच नव्हता. पेस्ट पुसून, नव्याने लावून, चारही स्क्रू आलटूनपालटून समोरासमोरचे थोडे थोडे आवळत कूलर पुन्हा बसवला. आकडे जवळपास तेच आले.

मग तंत्रज्ञाने कूलर १८० अंशांत फिरवून बसवला आणि तापणाऱ्या कोअरची अदलाबदल झाली. आधी गार असलेले चार शंभरीला गेले आणि आधी तापणारे ऐंशीच्या घरात आले. दोष प्रोसेसरमध्ये असता तर तो प्रोसेसरजवळच राहिला असता. तो कूलरबरोबर फिरला. शेवटी तळावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला, तर एका कडेखालून उजेडाची रेघ स्पष्ट दिसते आणि दुसऱ्या कडेला काहीच दिसत नाही. तो फोटो सोबत आहे. एवढ्याशा फटीला काय एवढे, असे आपल्याला वाटत असेल तर लक्षात घ्या की या प्रोसेसरचा सिलिकॉनचा तुकडा जेमतेम २१५ चौरस मिलिमीटरचा आहे आणि तेवढ्या जागेतून दोनशेहून अधिक वॅट उष्णता बाहेर पडायची असते.

याच्या उत्तरात आपण दोन कारणे पुढे केली. पहिले, झाकणाखालची पेस्ट वाळली असेल, तेव्हा प्रोसेसरच्या कंपनीकडे जा. २०१२ च्या तिसऱ्या पिढीत झाकणाखाली पेस्ट होती हे खरे. पण बाराव्या पिढीच्या या मॉडेलमध्ये सिलिकॉन आणि झाकण सोल्डरने जोडलेले आहेत, तिथे वाळायला पेस्ट नाहीच. दुसरे, प्रोसेसर ज्यात बसतो त्या एलजीए १७०० सॉकेटची पकड झाकणाला मध्यावर दाबते आणि ते किंचित वाकते. हेही खरे आहे, जाणकारांत सर्वांना माहीत आहे. पण ते वाकणे सॉकेटबरोबर जागच्या जागी राहते, कूलर फिरवला म्हणून दुसऱ्या बाजूला जात नाही. आणि ते आपल्याला ठाऊक होते, तर या सॉकेटवर ओव्हरक्लॉक विकताना त्याचा विचार करण्याची जबाबदारी आपलीच होती.

सगळ्यात जास्त चीड मला शेवटच्या उत्तराची आली. ‘कूलरवरील सील तुटलेले असल्याने वॉरंटी रद्द.’ कूलर काढला की सील तुटणारच, आणि तो काढायला आपल्याच इंजिनिअरने लेखी सांगितले होते. सांगितले ते केले म्हणून ग्राहकालाच दोषी धरायचे, हा कुठला न्याय? माझ्यासारख्या बाईला पट्टी आणि टॉर्च घेऊन आपला दोष आपल्याला दाखवून द्यावा लागला, आणि तरीही आपण तो पाहायला तयार नाही. दरम्यान मी संगणक मूळ वेगावर चालवते आहे. रेंडर उशिरा निघतात, आणि दिलेली तारीख पाळता न आल्याने एका जुन्या क्लायंटचे काम हातचे गेले.

माझ्या मागण्या अशा. कूलर विनामूल्य बदलून द्यावा आणि तो आपल्या माणसाने येथे येऊन बसवावा. बसवल्यावर आठही मोठ्या कोअरचे आकडे स्वतंत्रपणे दाखवणारी अर्ध्या तासाची चाचणी माझ्यासमोर घ्यावी, सरासरी मला नको. या चाचणीत वेग ५.१ वर टिकला नाही, तर ओव्हरक्लॉकसाठी घेतलेली पूर्ण रक्कम परत करावी. आणि वॉरंटी रद्द केल्याचे पत्र लेखी मागे घ्यावे. प्रोसेसर बदलून मागण्याचा माझा हेतू नाही. तो चांगला आहे हे मी वर दाखवलेच आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. तेव्हा सुनावणी कोल्हापुरात होईल, हे ध्यानात घ्यावे.

सोबत बिलाची प्रत, आपल्या इंजिनिअरचा ई-मेल, कूलर फिरवण्यापूर्वीच्या व नंतरच्या तापमानाच्या नोंदी, पेस्टचे आणि कूलरच्या तळाचे फोटो जोडले आहेत. कूलर तसाच ठेवला आहे, त्यात काही बदल केलेला नाही. आपला माणूस आला की त्याच्या हाती देईन, पोचपावती घेऊन.

आपली,
तक्रारदार ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या बिलावर)