स्वादुपिंडातील छोटी गाठ आणि हरवलेली पहिली सीडी

महोदय,

मुतखड्यासाठी सीटी काढावा आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘स्वादुपिंडात १४ मिमीची गाठ’ निघावी, हे सांगली-मिरज किंवा कराडमध्ये आता नवलाचे राहिलेले नाही. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो ताबडतोब काढा, दुसरा म्हणतो दुखत नाही तर हात कशाला लावायचा?

स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग असेल तर थांबण्याचा प्रश्नच नाही. थांबता येते ते न्यूरोएंडोक्राइन जातीच्या, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींपासून झालेल्या गाठीत, आणि तिथेही गाठ संप्रेरक न सोडणारी, संथ वाढणारी, २ सेमीच्या आतली असेल आणि स्वादुपिंडाची नलिका फुगलेली नसेल तरच. १ सेमीच्या आतली बहुधा नुसती तपासत राहतात; १ ते २ सेमीमध्ये वय, इतर आजार आणि गाठीची जागा पाहून ठरते. स्वादुपिंडाच्या डोक्यातली (उजवीकडच्या रुंद भागातली) गाठ काढण्याच्या व्हिपल शस्त्रक्रियेत त्या डोक्याबरोबर लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडाही जातो. जोड गळू शकतो, मधुमेह कायमचा मागे लागू शकतो. सत्तरीतल्या हृदयरुग्णाला १ सेमीच्या गाठीसाठी एवढे सोसायला लावणे शहाणपणाचे नाही.

मात्र उपाशीपोटी साखर उतरून घाम सुटतो, माणूस बरळतो आणि साखर खाल्ली की सावरतो, असे होत असेल तर गाठ इन्सुलिन सोडत असावी. ती ८ मिमीची असली तरी नुसती बघत बसायची नाही.

पहिली फेरतपासणी साधारण सहा महिन्यांनी, पुढे सहा ते बारा महिन्यांनी. वर्षात ५ मिमीहून जास्त वाढ, २ सेमी ओलांडणे, नलिका फुगणे, कावीळ, यांपैकी काहीही दिसले की सर्जनकडे जायचे.

खरा घोळ मोजमापात होतो. आधीचा सीटी ५ मिमी जाडीच्या कापांचा (स्कॅनमधल्या चकत्यांचा), पुढचा एमआरआय दुसऱ्या सेंटरचा. १४ चे १७ होतात आणि घर हादरते. त्यातली किती वाढ खरी, हे सांगताच येत नाही. याहून घातक म्हणजे खोटा दिलासा. ही गाठ बहुधा धमनी टप्प्यात, म्हणजे शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध धमन्यांत असताना, उजळते. कॉन्ट्रास्टची वेळ चुकली तर ती दिसतच नाही आणि ‘स्वादुपिंड नॉर्मल’ असा रिपोर्ट हातात पडतो. दर वेळी फक्त मागच्या रिपोर्टशी तुलना केली तर वर्षाला २ मिमी म्हणजे ‘विशेष बदल नाही’. चार वर्षांत ते ८ मिमी होतात. म्हणून तुलना पहिल्या स्कॅनशीही हवी. त्यासाठी मूळ सीडी जपा, पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोजमापाला कुचकामी.

रक्तातले क्रोमोग्रॅनिन-ए (अशा गाठींसाठी तपासले जाणारे प्रथिन) वाढले म्हणूनही लगेच घाबरू नये. पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्यांनी ते चढते, मूत्रपिंड बिघडले तरी चढते. डॉक्टरांना विचारून गोळ्या दोनेक आठवडे थांबवून पुन्हा तपासावे.

आपल्याकडे फेरतपासणीची तारीख गळीत हंगामात किंवा द्राक्षाच्या छाटणीत आली की हमखास पुढे ढकलली जाते. डॉक्टरांशी बोलून ती हंगामाआधीच घ्यावी. आणि स्कॅन सेंटरांनी प्रत्येक रिपोर्टात कापाची जाडी, कॉन्ट्रास्टचे टप्पे आणि पहिल्या स्कॅनचे माप छापावे. तीन ओळींचे काम आहे.

– क्ष-किरण आणि पोटविकार विभागांतील दोन डॉक्टर, सांगली