स्वित्झर्लंडचा ‘फारम’ आणि आपली ग्रामसभा

संपादक महोदय,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा ही रोजची कामे. हल्ली मात्र पोरं मोबाईल पुढे धरून विचारतात, "ताई, हा फारम कुठी भरा लागते?" मोबाईलवर डोंगरातल्या लाकडी घरांचा फोटो आणि खाली मजकूर: स्वित्झर्लंडच्या या गावात राहायला जा, पन्नास लाख घ्या.

गाव खरे आहे. नाव अल्बिनेन. वालिस प्रांतात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यावर साधारण १,३०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहूनही वर. उतारावर कुरणे आणि जंगल. शेजारच्या लॉयकरबाडला गरम पाण्याचे झरे आहेत. तिकडे जाण्याची जुनी वाट कड्याला टेकवलेल्या आठ लाकडी शिड्यांवरून होती. त्या शिड्या अजून जागेवर आहेत. २०१७ साली वस्ती जेमतेम २४०. तरुण घरे खाली खोऱ्यात गेली, शाळा बंद पडली. सुट्टीपुरती उघडणारी घरे होती, पण त्यांनी शाळेचा पट कसा भरणार?

तेव्हा गावातल्याच तरुणांनी मागणी केली आणि ३० नोव्हेंबर २०१७ रोजी गावसभेत ठराव झाला: येऊन राहणाऱ्या मोठ्या माणसामागे २५,००० फ्रँक, मुलामागे १०,०००. नवरा-बायको आणि दोन लेकरं धरली तर ७०,००० फ्रँक, त्या वेळच्या दराने पंचेचाळीस लाखांच्या घरात. फॉरवर्डमधले पन्नास लाख इथून आले असावेत. अटी मात्र फॉरवर्ड करणाऱ्याने गिळल्या. वय ४५ च्या आत हवे. स्विस नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना हवा. किमान २ लाख फ्रँकचे घर घ्यायचे किंवा बांधायचे, तेही सुट्टीसाठी नव्हे, कायम राहायला. दहा वर्षांच्या आत गाव सोडले तर पैसे परत. पोरांनो, एवढे पैसे ज्याच्याकडे आहेत तो माझ्या केंद्रात रांगेत कशाला उभा राहील?

माझे लक्ष दुसऱ्याच आकड्यावर गेले. ठरावाच्या बाजूने ७१ मते, विरोधात २९. लेकराबाळांसकट २४० वस्तीच्या गावात शंभर मते पडली. आपल्या कायद्यात ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातले जे कमी ते. आमचे गाव अल्बिनेनच्या कितीतरी पट मोठे, तरी तेवढी माणसे जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्याने पुढच्या वेळी दहा-बारा डोकी सगळे विषय मंजूर करून चहा पितात.

पैशाचाही फरक आहे, तो मान्य. तिथले गाव स्वतःचा आयकर लावते. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, तीही थकलेली, आणि वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगात त्यातले ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्यातून कोणाला पंचेचाळीस लाख देता येणार नाहीत, हे मलाही कळते. पण आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट वीसच्या खाली आला आहे. २०२३ पासून समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून मास्तर आणि लेकरांच्या आया दोघेही धास्तावलेले आहेत. पुण्याला गेलेल्या जोडप्यांची घरे कुलूप लावून पडली आहेत. त्यातली दोन-तीन परत यायला काय लागेल, हे एकदाही सभेत कोणी विचारलेले नाही. रस्ता? नेट? शाळेला पूर्ण वेळ शिक्षक?

२ ऑक्टोबरची सभा सकाळी अकराला असते. तेव्हा सोयाबीनची सोंगणी ऐन भरात. बाया वावरात असतात, सभेत कशा येतील? म्हणून यंदा सभा संध्याकाळी सातला घ्यावी आणि शाळेच्या पटाचा विषय पत्रिकेवर पहिला ठेवावा, असा अर्ज मी ग्रामसेवकांकडे दिला आहे. त्याची पोच घेतली आहे.

— एक सेवा केंद्र चालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ