लिहू न दिलेल्या मिनिटांबद्दल

प्रिय ताई,

तुझे आभार मानायचे तर तू मला लिहू दिलं नाहीस त्याबद्दल आधी मानते. एसीटी या अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या निबंधाला 40 मिनिटं मिळतात. त्यातली पहिली 8 मिनिटं उत्तराच्या पानाला हात लावायचा नाही, ही तुझी अट. घड्याळ पळत असताना नुसता कच्चा आराखडा करत बसणं किती जिवावर येतं, हे परीक्षा दिलेल्यांनाच कळेल.

प्रश्नात एक विषय आणि त्यावरचे तीन दृष्टिकोन छापलेले असतात. त्यामुळे प्रस्तावना, प्रत्येक दृष्टिकोनाला एक परिच्छेद आणि समारोप, हा साचा सगळीकडे आयता मिळतो. तू तो दिला नाहीस. ‘असे तीन छोटे निबंध होतील, एक मोठा होणार नाही. हे तिघं कुठे भांडतात ते शोध,’ म्हणालीस.

एसीटीचा बुद्धिमान यंत्रांवरचा नमुना प्रश्न आपण किती चघळला! एक म्हणतो, यंत्रांपायी आपण माणुसकीचा काही अंश गमावतो. दुसरा म्हणतो, तोचतोचपणाची कामं यंत्रं जास्त चांगली करतात. तिसऱ्याला त्यांच्यात नव्या शक्यता दिसतात. पहिल्या दोघांचं भांडण खरं तर काम कशासाठी करायचं यावरून आहे, आणि तिसरा त्या भांडणात पडतच नाही, हे तू माझ्याकडूनच वदवून घेतलंस. मग परिच्छेदांचा क्रम आपोआप ठरला: आधी माझी भूमिका, लगेच तिच्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप, मग त्याला उदाहरणासकट उत्तर. आक्षेप शेवटाकडे ढकलला की वेळ संपते आणि तो अर्धवट राहतो, हे तुझं निरीक्षण तर सोन्यासारखं.

गुण चार निकषांवर मिळतात: विचार आणि विश्लेषण, मुद्द्यांचा विस्तार, रचना, भाषा. दोन परीक्षक प्रत्येक निकषाला 1 ते 6 गुण देतात. भाषा हा चारांतला एकच निकष, एवढ्या एका माहितीवर भारी शब्द पेरायची माझी हौस तू मोडलीस.

सॅट या तशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेचा ऐच्छिक निबंध 2021मध्ये बंद झाला (काही राज्यांत शाळेत होणाऱ्या परीक्षेपुरता उरला), एसीटीचाही ऐच्छिकच आहे. ‘मग कशाला एवढा खटाटोप?’ असं घरात सगळ्यांनी विचारलं. तू मात्र वादात न पडता पुढचा प्रश्न काढून घड्याळ लावलंस.

कॉलेजच्या पहिल्या पेपरचा आराखडा सोबत जोडते आहे. आक्षेप दुसऱ्याच परिच्छेदात घेतलाय, पण उत्तर अजून लंगडं वाटतं. सवडीने बघशील?

तुझीच,
एक विद्यार्थिनी